इवायांचा सहा फुटांचा पट

धाराशिवात गोल्फ आला तो सोयाबीनच्या गोदामात. गोदाम माझ्या मेव्हण्याचं. पुण्यातली नोकरी सोडून तो परत आला, तेव्हा क्रिकेटची जाळीबंद मैदानं गावात इतकी झाली होती की आणखी एक काढण्यात अर्थ नव्हता. मग त्यानं गोदाम झाडून घेतलं, एका टोकाला सिनेमासारखा पडदा लावला, समोर हिरवी गादी अंथरली आणि गादीच्या कडेला एक बुटकी पेटी ठेवली. पेटीला पुढच्या बाजूनं काचेचा एक डोळा. गादीवर चेंडू ठेवायचा आणि काठीनं पडद्यावर मारायचा. चेंडू पडद्यावर आपटून खाली पडतो, पण तेवढ्यात पेटीनं त्याचा वेग आणि दिशा मोजलेली असते. पडद्यावरचा चेंडू मग डोंगर-तळी ओलांडत लांब जाऊन पडतो.

हे मेव्हण्यानं मला तीनदा समजावून सांगितलं. मी साखर कारखान्यात वजनकाट्यावर असतो. यंत्रानं सांगितलेला आकडा खरा मानणं हा माझा धंदा आहे, पण यंत्र तपासल्याशिवाय तो मानायचा नाही हाही धंद्याचाच भाग. म्हणून पहिल्या दिवशी जाताना मी टेप घेऊन गेलो.

"गादीपासून पडदा सोळा फूट," मी मोजून सांगितलं. "आणि वर आकडा एकशे बारा मीटर."

"दाजी, एकशे बारा गेला असता."

"पण गेला न्हाय."

"पडदा नसता तर गेला असता."

"ऊस आला असता तर किती भरला असता, असं मी काट्यावर लिहू लागलो तर चालंल का?"

मेव्हण्यानं माझ्या हातातली टेप काढून घेतली आणि काठी दिली. मी मारलं. चेंडू पडद्यावर आपटला, वर आकडा आला अठ्ठावन्न मीटर. खोटं कशाला बोलू, जो चेंडू अठ्ठावन्न मीटर गेलाच नव्हता, तो साठ का गेला नाही याची चुटपुट मला घरी येईपर्यंत लागून राहिली.

त्यानंतर त्यानं लीग काढली. दर रविवारी सकाळी सामने, प्रत्येकानं प्रत्येकाशी एकदा खेळायचं. त्याला बारा माणसं लागत होती आणि जमली होती अकरा. एक दाताचे डॉक्टर, एक बियाणांचे दुकानदार, काही शिक्षक, बसस्टँडजवळ बॅटऱ्यांचं दुकान चालवणारे एक भाई, अशी सगळी पोट सुटलेली मंडळी. बारावा माणूस म्हणून तो आमच्या घरी आला, पण माझ्याशी बोललाच नाही. बहिणीशी बोलला.

"घेऊन जा," ही म्हणाली. "रविवारी घरात असले की गॅसची टाकी उचलून बघतात, किती राहिला म्हणून."

"अंदाज लागतो उचलून," मी म्हणालो.

"अंदाज लागतो अन् कंबर धरते."

माझं नाव नोंदवलं गेलं. निघताना मेव्हणा चपला घालता घालता सहज म्हणाला, "आणि हो, तुमचे इवाईपण हायत लीगमध्ये."

हिच्या हातातला कप बशीवर जरा जोरात टेकला.

आमच्याकडं व्याह्याला इवाई म्हणतात. आमची मुलगी ज्या घरी दिली ते घर आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडं आहे. तिचे सासरे मूळ अणदूरचे, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. उंच, ताठ, पांढरा शर्ट आत खोचलेला. गावातली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेली आहेत आणि अजूनही त्यांना बघून विडी विझवतात. माणूस उत्तम. मुलीला त्यांच्या घरी काही कमी नाही. अडचण एकच होती. लग्न झाल्यापासून ते आमच्या घरी जेवले नव्हते.

त्याचं कारण लग्नातच घडलं. जेवणं उरकल्यावर इवाई माईकवर आले आणि आभार मानताना म्हणाले की दोन-अडीच हजार माणसांनी येऊन वधूवरांना आशीर्वाद दिले. मी त्यांच्या शेजारी उभा होतो. पत्रावळींचे गठ्ठे मी स्वतः मोजून आणले होते आणि उरलेल्याही मोजून झाल्या होत्या. मी अगदी हळू, फक्त त्यांना कळावं म्हणून म्हणालो, "सोळाशे चाळीस." माईक चांगल्या प्रतीचा होता. अख्खा मांडव हसला. इवाईही हसले. त्यांनी माईक माझ्या हातात दिला आणि खाली जाऊन बसले.

आकडा बरोबर होता, हे मी आजही सांगतो.

त्या दिवसापासून ते आमच्याकडं येत, बसत, चहा घेत, पावसापाण्याचं बोलत, आणि जेवणाचा विषय निघाला की म्हणत, "आत्ताच झालं." एकदा सकाळी साडेनऊ वाजता म्हणाले. हिनं पुरणपोळी करून बघितली, धपाटे करून बघितले, आणि त्यांना मटण आवडतं असं कळल्यावर रविवारचं मटण जास्तीचं टाकायला लागली. ते मटण मी सोमवारी डब्यात नेत असे.

"मामंजी मनात काही ठेवत न्हाईत," मुलगी सांगायची. "पण विसरत पण न्हाईत."

हिला त्याचं फार लागलं होतं. लेकीच्या सासऱ्यानं आपल्या घरचं ताट घेतलं नाही, ही गोष्ट तिच्या माहेरी, आमच्या भावकीत, शेजारी, सगळीकडं माहीत होती. सणाला मुलगी आली की दोघी स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलायच्या आणि मी आत गेलो की गप्प व्हायच्या. अशा बोलण्यात माझ्याबद्दल काय चाललेलं असतं हे समजायला काटा लागत नाही.

लीगचं उद्घाटन पंचांगात दिवस बघून झालं. पडद्यासमोर नारळ फोडला. माझ्या सासूबाईंनी यंत्राची पूजा केली, हळद वाहिली, आणि पेटीला कपाळ कुठलं हे बघून बरोबर काचेच्या डोळ्यावर कुंकवाचं बोट टेकवलं. पूजेचं कुंकू पुसायचं कुणाच्या मनात येणं शक्यच नव्हतं. पहिल्या रविवारी सगळ्यांचे चेंडू उजवीकडं तळ्यात गेले. दुसऱ्या रविवारपर्यंत सगळ्यांनी आपापल्या परीनं सुधारणा केल्या. डॉक्टर डावा पाय पुढं टाकून मारू लागले. बियाणेवाले तर जवळजवळ भिंतीकडं तोंड करून उभे राहायचे.

मला हे पटेना. काट्यावर आम्ही रोज सकाळी ठरावीक वजन ठेवून काटा तपासतो. तसं मी गादीवर सुतळी ताणून मधोमध रेघ धरली आणि चेंडू त्या रेघेवरून सरळ ढकलला. पडद्यावर तो उजवीकडं गेला. पुन्हा ढकलला, पुन्हा उजवीकडं. मग मी पेटीपाशी बसलो आणि कुंकू दिसलं. सासूबाईंची मनातल्या मनात क्षमा मागून पुसलं. तेव्हापासून यंत्र बरोबर झालं आणि माणसं बिघडली, कारण सगळ्यांना डावीकडं मारायची सवय लागलेली. तो अख्खा रविवार चेंडू डावीकडच्या झाडीत गेले आणि शिव्या मला बसल्या.

"काटेवाले," भाई म्हणाले, "आजार होता तवर आमी बरे होतो."

तरी त्या दिवसापासून सामन्याआधी यंत्र तपासायचं काम माझ्याकडं आलं. दर वेळी सुतळी, सरळ रेघ, पाच चेंडू. पाचही सरळ गेले की मी मान हलवायची आणि मेव्हण्यानं सामना सुरू करायचा.

आता एक नियम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर झालं. आमच्या सामन्यात एकामागून एक नऊ होल, म्हणजे भोकं, गाठायची आणि ज्याचे टोले कमी तो जिंकला. चेंडू होलजवळ आला की मोठे टोले संपतात. मग चेंडू काठीनं हळूच ढकलून होलमध्ये घालायचा. त्याला पट म्हणतात. चेंडू अगदी होलच्या तोंडाशी असेल आणि चुकणं शक्यच नसेल, तर समोरचा खेळाडू म्हणू शकतो, "सोडला." म्हणजे मारायची गरज नाही, एक टोला धरून चेंडू आत गेला असं समजायचं. मुळात हा वेळ वाचवण्याचा उपाय. किती अंतरापर्यंत सोडायचं हे नियमात लिहिलेलं नाही. मी दोनदा वाचून बघितलं.

नियमात अंतर नाही म्हटल्यावर आमच्या लीगमध्ये काय होणार हे कुणीही सांगू शकलं असतं. वडीलधाऱ्या माणसाला वाकून पट मारायला लावायचं आणि आपण हातात काठी धरून तो चुकतो का बघत उभं राहायचं, हे इथं कुणाला जमत नाही. पंगतीत आधी थोरांना वाढतात, तसं पट आधी थोरांचा सोडायचा. त्यातून इवाई तर सगळ्यांचे सर. डॉक्टरांनी त्यांना चार मीटरवरून सोडला. एका शिक्षकानं सहा मीटरवरून सोडला. भाईंनी तर अकरा मीटरवरून सोडला, आणि मध्ये एक टेकडी होती.

"भाई, अकरा मीटर," मी म्हणालो. "मोजून."

"मग काय सरांना वाकवू? सातवीत त्यांनी मला वाकवलं होतं, बाकाखाली. त्याची परतफेड करू म्हणता?"

असं करत पाच रविवारांत इवाई पाच सामने जिंकले आणि यादीत सर्वांत वर गेले. पण जिंकून त्यांचा चेहरा काही उजळत नव्हता. "सोडला सर" असं कुणी म्हटलं की ते क्षणभर चेंडूकडं बघत, मग काठी पिशवीत ठेवत. मला वाटायचं, माझ्याशी सामना जवळ येतोय म्हणून ते असे असतील.

मी स्वतः कुणाला दीड फुटापुढचा पट सोडत नव्हतो. डॉक्टर माझ्याशी पावणेदोन फुटांवरून चुकले आणि आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

त्याच सुमारास मुलगी आली होती, तेव्हा हिला सांगत होती, "मामंजींचं काही कळत न्हाय. रोज संध्याकाळी बैठकीत सतरंजी अंथरतात, तिच्यावर तांब्या आडवा ठेवतात आणि लांबून चेंडू मारत बसतात. आत गेला की खणकन वाजतं. सासूबाई म्हणतात पितळी तांब्याला पोचे आले."

"म्हातारपणात काहीतरी विरंगुळा लागतो," ही म्हणाली. मीही तसंच समजलो.

सहाव्या रविवारी इवाई आणि मी. सामन्यांचा क्रम संगणकानं लावला होता. हिनं भावाला फोन करून संगणकाला समजावून सांगायला सांगितलं, पण तो म्हणाला आता बदलता येत नाही. मग ती माझ्याकडं वळली.

"हरा," ती म्हणाली.

"हरलो तर हरेन. ते चांगलं खेळतात."

"हरेन न्हाय. हरा."

"मुद्दाम वाकडा मारू? तो आकडा पडद्यावर येणार, मेव्हण्याच्या मशीनमध्ये राहणार. खोटा आकडा."

"तुमच्या खऱ्या आकड्यानं माझ्या लेकीच्या घरचं माणूस माझ्या दारातून उपाशी जातंय. अहो, सगळे सोडतात त्यांना. तुम्ही सोडा की. नियमात बसतं म्हणता ना?"

यावर मी रात्रभर नाही, पण जेवणभर विचार केला. नियमात बसत होतं. सोडण्यात खोटं काही नव्हतं. अंतर कुणी लिहिलेलं नाही म्हटल्यावर मी कितीही अंतरावरून सोडला तरी हिशेब स्वच्छ राहत होता. मला हा मार्ग आवडला. आपले टोले प्रामाणिकपणे मारायचे, त्यांचे पट सोडत जायचं, बाकी होईल ते होईल. हिनं खाटकाकडं सांगून ठेवलं आणि शनिवारीच काळा मसाला भाजून घेतला. सामना संपला की इवायांना जिंकल्याच्या आनंदात परस्पर घरी आणायचं, असा तिचा बेत होता.

रविवारी ती आणि मुलगी मागच्या खुर्च्यांवर येऊन बसल्या. भाई, डॉक्टर, बियाणेवाले, आपापले सामने उरकून सगळे आमच्या भोवती. मी सुतळी ताणली, पाच चेंडू ढकलले. पाचही सरळ. मान हलवली.

"या इवाई," मी म्हणालो. "आधी तुम्ही."

"छे, आधी तुम्ही. तुम्ही मुलीकडचे."

"म्हणूनच तुम्ही."

यात काही मिनिटं गेली. शेवटी मेव्हण्यानं नाणं उडवलं.

पहिल्या होलला इवायांचा चेंडू चार मीटरवर येऊन थांबला. मी म्हणालो, "सोडला." गोदामात कुजबुज झाली. काटेवाल्यानं चार मीटर सोडला. इवायांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, थोडं आश्चर्य होतं आणि त्याखाली काहीतरी उतरल्यासारखं. मग माझा चेंडू पाच मीटरवर आला आणि ते म्हणाले, "तुमचाही सोडला."

हे मी धरलंच नव्हतं. मी मान ठेवला म्हटल्यावर ते मागं राहणार कसे? दुसऱ्या होलला मी सहा मीटर सोडला, त्यांनी सात सोडला. तिसऱ्याला मी पाण्याच्या कडेवरून सोडला, त्यांनी वाळूतून सोडला. लग्नात आहेराला आहेर चढवतात तसं चाललं होतं. सहाव्या होलपर्यंत दोघांनीही एक पट मारला नव्हता.

"मालक," भाई मेव्हण्याला म्हणाले, "त्या पटाच्या काठ्या दुकानात परत देऊन टाका. नव्या कोऱ्या हायत."

"गप्प बस रे," इवाई म्हणाले. भाई साठीच्या आसपास आहेत. ते गप्प बसले.

एवढ्या सोडासोडीतून आठ होल झाले तेव्हा आम्ही बरोबरीत होतो. राहिला नववा. तिथं माझे पाच टोले झाले आणि चेंडू होलपासून दोन मीटरवर. इवायांनी सोडला. माझे सहा झाले. त्यांचेही पाच झाले होते आणि चेंडू पडद्यावरच्या आकड्याप्रमाणं एक मीटर ऐंशीवर, म्हणजे सहा फुटांना थोडा कमी. मी सोडला की त्यांचेही सहा. सामना बरोबरीत. कुणी हरलं नाही, कुणी जिंकलं नाही, आणि घरी रस्सा तयार. याहून चांगला आकडा मी स्वतः मांडला असता तरी निघाला नसता. मागून ही हळूच खोकली.

मी तोंड उघडलं.

"म्हणू नका," इवाई म्हणाले. अगदी हळू. ते गादीवर उभे होते आणि त्यांनी पटाची काठी आधीच हातात घेतली होती.

"काय म्हणू नका?"

"तेच. इवाई, पाच रविवार झाले. रोज घरी तांब्यात मारतोय. दहातले सात जातात आता. इथं येतो तर एक माणूस मारू देत नाही. काठी पिशवीतून आणतो आणि तशीच पिशवीतून नेतो. मला वाटलं होतं, निदान तुम्ही तरी सोडणार नाही. आजची मी वाट बघत होतो."

"चुकला तर हराल," मी म्हणालो.

"चुकला तर चुकला."

मी मागं बघितलं. हिनं पदराचं टोक घट्ट धरलं होतं आणि मान नकारार्थी हलवत होती. मुलगी मात्र सासऱ्यांच्या हातातल्या काठीकडं बघत होती. तांब्याचं कोडं तिला त्या क्षणी उलगडलं असावं.

"मारा," मी म्हणालो.

"अहो सोडा की, काटेवाले," डॉक्टर म्हणाले. "सर आहेत."

"त्यांना मारायचाय."

इवाई वाकले. चेंडूमागं उभे राहून त्यांनी दोनदा हवेत काठी हलवली, मग मारला. चेंडू गादीवरून घरंगळत गेला आणि पडद्यावरचा चेंडू होलकडं निघाला. जाताना सुंदर दिसत होता. होलच्या उजव्या काठाला लागला, थोडा आत डोकावला, आणि बाहेरून पुढं गेला. पडद्यावर आकडा आला: सव्वीस सेंटिमीटर पुढं.

सगळे एकदम बोलू लागले.

"गेला होता, सर. काठाला लागला म्हणजे गेलाच."

"सेन्सरनं घोळ केला. मागंपण केला होता, कुंकू लागलं होतं तवा."

"आजपण उजवीकडंच ओढतंय की. लई दिवस झाले साफ करून."

मेव्हणा बटणावर बोट ठेवून उभा होता. "दाजी," तो म्हणाला, "चुकून एखादं रीडिंग जाऊ शकतं. आत धरू का?"

आता सगळे माझ्याकडं बघत होते. यंत्र मी तपासलं होतं. मी म्हटलं असतं की काचेवर धूळ असेल, तर कुणी शंका घेतली नसती, आणि सगळी माणसं, माझी बायकोसुद्धा, सुटकेचा श्वास टाकून उठली असती. इवाई काठी टेकून सरळ झाले.

"तुम्ही काट्यावरचे," ते मला म्हणाले. "तुम्ही सांगा. मशीन चुकलं का मी?"

लग्नाचा मांडव माझ्या डोळ्यांसमोर आला. माईक नव्हता, पण गोदाम तसंही घुमतं.

"मशीन बरोबर आहे," मी म्हणालो. "सकाळी पाच चेंडू टाकलेत. तुमचा चुकला. काठी जरा उघडी लागली, तोंड उजवीकडं वळलेलं."

भाईंनी दोन्ही हात कपाळाला लावले. मागं खुर्ची सरकल्याचा आवाज आला, ती हिची होती.

इवायांनी काठी उचलून तिचं तोंड बघितलं. "मलापण तसंच वाटलं," ते म्हणाले. "शेवटी मनगट वळलं. तांब्याला तोंड मोठं असतं, तिथं खपून जातं." मग माझ्याकडं वळून, "किती उघडी लागली?"

"दीड-दोन अंश असेल. सुतळी लावून दाखवतो."

"दाखवा."

मी सुतळी ताणली. आम्ही दोघांनी गादीवर गुडघे टेकून रेघ बघितली, मग त्यांनी उभं राहून त्याच जागेवरून सात चेंडू मारले. प्रत्येक वेळी मी काय चुकलं ते सांगितलं, ते "हं" म्हणाले. पाचवा गेला. सहावा गेला नाही. सातवा होलच्या बरोबर मध्यातून गेला आणि त्यांनी मागं वळून डॉक्टरांकडं असं बघितलं की डॉक्टर उठून उभे राहिले. बाकीचे लोक हळूहळू आपापल्या घरी गेले. बराच वेळ झाला होता.

गुडघे झाडता झाडता ते हिच्याकडं बघून म्हणाले, "विहीणबाई, आज रविवार. मटणाचा वास गल्लीपर्यंत येतो तुमच्या. काही उरलंय का, का संपलं?"

ही पदर खोचून चपला शोधू लागली. मुलगी म्हणाली, "मामंजी, अजून कुणी जेवलंच न्हाय."

घरी आल्यावर हिनं पहिलं ताट त्यांचं मांडलं. ज्वारीच्या गरम भाकरी, मटण, वाटीत रस्सा, कांदा, लिंबू. इवाई नीट बसले, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि दोन भाकरी खाल्ल्या. तिसरी मोडताना म्हणाले, "इवाई, एक विचारायचं राहिलं होतं."

"विचारा."

"ते सोळाशे चाळीस. कसे मोजले होते?"

हिच्या हातातली पळी पातेल्यातच थांबली.

"पत्रावळी," मी म्हणालो. "आणलेल्या वजा उरलेल्या."

"फाटलेल्या धरल्या?"

"वेगळ्या काढल्या होत्या."

ते चावत विचार करत राहिले. शाळेत एखाद्या पोराचं गणित तपासताना करत असतील तसा. "आणि दोनदा बसलेले?"

हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. एवढ्या दिवसांत कधीच आलं नव्हतं.

"माझे धाकटे मेव्हणे," इवाई म्हणाले. "पहिल्या पंगतीला बसले, पुन्हा शेवटच्या पंगतीला बसले. मी डोळ्यानं बघितलंय."

"मग एक कमी होतो," मी म्हणालो.

"सोळाशे एकोणचाळीस," ते म्हणाले, आणि हिच्यापुढं वाटी धरली. "रस्सा वाढा."